इजिप्तची काळी

२०२३च्या एप्रिलमध्ये क्लिओपात्रावरच्या एका माहितीपट-मालिकेची झलक आली. राणीची भूमिका एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं केलीय हे दिसताच कैरोत गदारोळ उठला. एक वकील तक्रार घेऊन सरकारी अभियोक्त्याकडे गेला आणि पुरातत्त्व खात्यानं राणी मॅसिडोनियन ग्रीक वंशाची होती असा खुलासा केला. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडनच्या पुरावस्तू संग्रहालयानं एक प्रदर्शन भरवलं. जॅझ, सोल आणि हिप-हॉपमधल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी प्राचीन इजिप्तला आपलं कसं मानलं, हा त्याचा विषय होता. इजिप्तनं त्या संग्रहालयाच्या संशोधकांना कैरोजवळच्या सक्कारा या प्राचीन दफनभूमीत खणायला मनाई केली. ते तिथे १९७५पासून काम करत होते. प्राचीन इजिप्शियन लोक काळे होते की नाही, हा वाद तेव्हापासून थोड्याथोड्या दिवसांनी पुन्हा पेटतो. एक बाजू पुतळ्याचं रुंद नाक दाखवते, दुसरी ममीचे सरळ केस दाखवते, आणि मराठीत लिहिणारी मंडळीही यातली एक बाजू उचलून भांडतात.

माझं मत आधीच सांगते. प्राचीन इजिप्त आफ्रिकेचा होता आणि तिथला विचार हा आफ्रिकी विचारपरंपरेचा आजवर हाती आलेला सगळ्यात जुना लिखित भाग आहे. पण हे म्हणायला कातडीच्या रंगाचा दाखला लागत नाही. जे तो दाखला मागतात आणि जे तो मोठ्या कष्टानं पुरवतात, ते दोघंही एकोणिसाव्या शतकानं आखून दिलेल्या रिंगणातच फिरताहेत. त्यात पपायरसवर आणि दगडावर जे लिहून ठेवलंय, ते वाचायचं राहूनच जातंय.

क्लिओपात्रा तर या भांडणासाठी अगदीच चुकीची निवड. तिचं टॉलेमी घराणं अलेक्झांडरच्या सेनापतीपासून सुरू झालं. त्या घराण्यात इजिप्तची भाषा शिकलेली ती पहिलीच, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. गिझाचा मोठा पिरॅमिड तिच्या जन्माआधी सुमारे अडीच हजार वर्षं उभा होता. तिच्या रंगावरून तो पिरॅमिड बांधवून घेणाऱ्या खुफू राजाच्या काळातल्या गवंड्याबद्दल काहीही कळत नाही.

मग हा रंगाचा प्रश्न आला कुठून? वोल्ने हा फ्रेंच प्रवासी १७८०च्या दशकात इजिप्तला गेला. स्फिंक्सच्या चेहऱ्यात त्याला आफ्रिकी माणूस दिसला. ज्यांना आज आपण गुलाम केलंय त्यांच्याकडूनच आपल्याला कला आणि शास्त्रं मिळाली, असं त्यानं लिहून टाकलं. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांना हे वाक्य परवडणारं नव्हतं. १८४४मध्ये फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टननं इजिप्तच्या कवट्या मोजून, तिथले राज्यकर्ते गोरे होते आणि काळे लोक तिथेही चाकरच होते, असा निष्कर्ष काढला. गुलामगिरीच्या समर्थकांनी तो डोक्यावर घेतला. त्याआधी बर्लिनमध्ये हेगेल हा जर्मन तत्त्वज्ञ शिकवत होता की आफ्रिकेला इतिहासच नाही. इजिप्तला इतिहास आहे हे नाकारता येत नव्हतं, म्हणून त्यानं इजिप्तच आफ्रिकेतून उचलून आशियाच्या पंगतीला बसवला. नकाशा तोच, नाईल तीच, फक्त मालकी बदलली.

हा डाव एकट्या इजिप्तपुरता नव्हता. ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती आफ्रिकी लोकांनीच बांधल्या हे गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९२९मध्ये पुराव्यानं दाखवलं, तरी ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारला पुढची पन्नास वर्षं ते पचलं नाही. नायजेरियातल्या इफे इथली धातूची आणि मातीची देखणी मुखं पाहून फ्रोबेनियस या जर्मन अभ्यासकाला १९१०मध्ये बुडालेल्या अटलांटिसची आठवण झाली. समोर उभ्या असलेल्या योरुबा माणसाच्या पूर्वजांनी ती घडवली असतील, हे त्याच्या मनाला पटेना. सुदानमधल्या केर्मा इथे रायस्नर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाला प्रचंड दफन-टेकड्या सापडल्या आणि त्या इजिप्तहून आलेल्या सुभेदारांच्या असणार असं त्यानं ठरवलं. त्या तिथल्याच राजांच्या होत्या. चांगलं काही सापडलं की ते बाहेरून आलं, ही सवय इतकी मुरलेली होती.

ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवली तरच सेनेगलचे शेख अंता दियोप समजतात. १९२३मध्ये जन्मलेला हा माणूस पॅरिसला भौतिकशास्त्र शिकायला गेला आणि १९५४मध्ये, आपला देश अजून फ्रान्सच्या ताब्यात असताना, त्यानं मांडलं की प्राचीन इजिप्त ही काळ्या लोकांची संस्कृती होती आणि युरोपला जसा ग्रीस, तसा आफ्रिकेला इजिप्त. १९७४मध्ये युनेस्कोनं कैरोत परिसंवाद भरवला. दियोप आणि काँगोचे तेओफिल ओबेंगा तिथे भाषाशास्त्र, मानववंशशास्त्र, ग्रीक लेखकांच्या साक्षी असं सगळं घेऊन उभे राहिले. बहुतेक विद्वानांना त्यांचं म्हणणं पटलं नाही. तरी या दोघांइतक्या तयारीनं बाकीचे आले नव्हते आणि त्यामुळे चर्चेचा तोल गेला, ही नोंद परिसंवादाच्या अहवालातच आहे. ज्यांना इतिहास नाही असं विद्यापीठांतून शिकवलं जात होतं, त्यांच्यातला एक जण उठतो आणि तुमच्याच साधनांनी तुमचा दावा तपासतो, ही घटना लहान नाही. आज डाकारच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. त्यात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत उलटा फिरवून त्यांनी बळीराजाला शूद्रातिशूद्रांचा पूर्वज म्हणून उभं केलं. त्यातला वंशाचा तपशील आजच्या संशोधनावर टिकेलच असं नाही. पण इतिहास कुणी लिहिला आणि कुणाच्या सोयीचा लिहिला, हा त्यांचा प्रश्न टिकला, आणि ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या बाईला तिच्या ओठांवरच्या शब्दांचं वजन कळलं. दियोप मला त्याच जातीचे वाटतात. त्यांचं ऋण मानूनही त्यांची चूक दाखवता येते, आणि ती दाखवलीच पाहिजे.

त्यांच्या विरोधकांचे काही मुद्दे भक्कम आहेत. इजिप्तचे लोक आपल्या देशाला ‘केमेट’ म्हणत. त्यातला मूळ शब्द ‘काळं’ असाच आहे. दियोप म्हणाले, केमेट म्हणजे काळ्या माणसांचा देश. पण केमेटच्या जोडीला ‘देशरेट’ हा शब्द येतो. देशरेट म्हणजे लाल जमीन, वाळवंट. केमेट ही पुरानं गाळ आणून टाकलेली पिकाऊ जमीन. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच पडू नये. गावाची ‘काळी’ म्हणजे शेतशिवार आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. काळीत राबणाऱ्याच्या कातडीचा रंग त्या शब्दात कुणी शोधत नाही. सेती पहिला या फारोच्या थडग्यात चार प्रकारची माणसं रंगवली आहेत: तांबूस तपकिरी इजिप्शियन, दक्षिणेकडचे काळे नूबियन, फिकट लिबियन आणि पिवळट आशियाई. म्हणजे इजिप्तचा माणूस स्वतःला या सगळ्यांहून वेगळा समजत होता. त्याला आज ‘काळा’ किंवा ‘गोरा’ या खोक्यात कोंबणं म्हणजे त्याच्या तोंडी आपले शब्द घालणं आहे.

जनुकीय पुरावाही रंगाच्या दाव्याला सरळ साथ देत नाही. २०१७मध्ये अबुसिर अल-मेलेक इथल्या ममींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लोकांची जवळीक पश्चिम आशियाशी अधिक दिसली आणि सहाराच्या दक्षिणेकडचा अंश आजच्या इजिप्शियनांपेक्षाही कमी निघाला. २०२५मध्ये नुवैरात इथल्या एका माणसाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो पिरॅमिडांच्या काळाच्या आसपासचा. त्याचा सुमारे चार-पंचमांश वारसा उत्तर आफ्रिकेतल्या नवाश्मयुगीन लोकांचा होता आणि उरलेला मेसोपोटेमियाच्या बाजूचा. यावर कुणी टाळी वाजवून म्हणेल, बघा, काळे नव्हते. पण अबुसिर हे उत्तरेकडचं एकच गाव, आणि तिथले देह साधारण इसवी सन पूर्व १४००च्या अलीकडचे. नुवैरातचा तर एकटाच माणूस. हजार किलोमीटर लांबीच्या दरीत तीन हजार वर्षं राहिलेल्या लोकांचा निवाडा एवढ्यावर होतो का? आणि उत्तर आफ्रिकेतला पूर्वज हा आफ्रिकी नव्हे, असं कुठल्या भूगोलात लिहिलंय?

आफ्रिका म्हणजे एकच एक रंग, ही समजूत दोन्ही बाजूंनी धरून ठेवलीय आणि वादाचा खरा आजार तोच आहे. अबू सिंबेलच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर नाब्ता प्लाया म्हणून जागा आहे. आज तिथे वाळूशिवाय काही नाही, पण सात हजार वर्षांपूर्वी पावसाळी तळं भरायचं आणि त्याभोवती गुरं राखणारे लोक यायचे. त्यांनी गाई विधिपूर्वक पुरल्या, त्यांवर दगड रचले. सहारा वाळत गेला तशी अशी माणसं पाण्यामागे सरकली आणि त्यातली बरीच नाईलच्या काठी पोचली. फारोच्या इजिप्तमधली गाईची देवी, गुरांची मोजदाद, धनगराची आकडी काठी हातात धरलेला राजा, हे सगळं त्या गुराख्यांच्या जगाला जवळचं आहे. भाषेचंही तसंच. इजिप्तची भाषा ज्या आफ्रोआशियाई कुळातली, त्याच्या सहा शाखा मानतात आणि त्यातली एक सेमिटिक सोडली तर बाकी सगळ्या आफ्रिकेतच आहेत. नायजेरियातली हौसा आणि सोमालियाची सोमाली या इजिप्तच्या भाषेच्या दूरच्या बहिणी. इथे कवट्या मोजाव्या लागत नाहीत.

आजच्या इजिप्शियनांची तक्रार मात्र मला खोटी वाटत नाही. परक्या देशात बसलेलं कुणी सांगतं की तुम्ही पुढे आलेले अरब, खरे वारस आम्ही. राग येणारच. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तचा शेतकरी अजून तूत, बाबा, हातूर, तूबा, अमशीर या महिन्यांवर पेरणी आणि थंडीचे अंदाज बांधतो. ही नावं फारोंच्या काळातल्या सणांची आणि देवतांची आहेत. त्याला उपरा कोण म्हणणार? पण त्याला वारस मानलं म्हणून खंडातल्या इतरांचा वाटा बुडत नाही. हेच पंचांग, तीस दिवसांचे बारा महिने आणि वरचे पाच-सहा दिवस, आज इथिओपियात रोजच्या वापरात आहे. आदिस अबाबात नवं वर्ष ११ सप्टेंबरच्या सुमारास उजाडतं. इजिप्तचा विचार दक्षिणेला गेलाच नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथल्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं.

आणि दक्षिणेकडून परत आलेला विचार? इसवी सन पूर्व आठव्या शतकात कुशचा, म्हणजे आजच्या सुदानचा राजा पिये इजिप्त जिंकत उत्तरेला गेला. त्याचा शिलालेख जेबेल बर्कलला सापडला. इजिप्तमधलं हर्मोपोलिस शहर पडल्यावर तो तिथल्या राजाच्या तबेल्यात शिरतो, वेढ्यात उपाशी राहिलेले घोडे बघतो आणि म्हणतो, तुझ्या बाकी कुठल्याही गुन्ह्यापेक्षा माझ्या घोड्यांची ही भूक मला जास्त लागली. उत्तरेचे राजे शरण आले तेव्हा त्यातल्या तिघांना त्यानं महालात पाऊल टाकू दिलं नाही, कारण ते मासे खाणारे आणि सुंता न झालेले. इजिप्तचे आचार उत्तरेच्या राजांनी सोडले होते आणि दक्षिणेच्या माणसानं पाळले होते. वारसा रक्तातून येतो की पाळण्यातून, हा प्रश्न तिथे दगडावर कोरून ठेवलाय.

पियेचा भाऊ शाबाका. त्याच्या आज्ञेनं कोरलेली एक काळी शिळा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पूर्वजांचा ग्रंथ किड्यांनी खाल्लेला मिळाला, म्हणून तो राजानं दगडावर उतरवून घेतला, असं तिच्यावरच लिहिलंय. मूळ मजकूर किती जुना यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तो सांगतो असा: डोळे पाहतात, कान ऐकतात, नाक श्वास घेतं आणि हे सगळं हृदयाला कळवलं जातं. हृदयातून प्रत्येक जाण निघते, आणि हृदयानं जे योजलं ते जीभ बोलून दाखवते. प्ता देवानं जग घडवलं ते असं, आधी मनात आणून आणि मग शब्द उच्चारून. इंद्रियं, मन, वाणी आणि वस्तू यांचं नातं काय, हा कुठल्याही तत्त्वज्ञानाचा पहिला प्रश्न. तो इथे स्पष्ट विचारलाय. पुढे कुणीतरी त्या शिळेचं जातं केलं. मधोमध भोक पाडलं, भोवती खाचा काढल्या आणि दळता दळता कितीतरी ओळी झिजून गेल्या. त्या भोकाभोवतीची कोरी गुळगुळीत जागा मला बघवत नाही.

दळण्यावरून आणखी एक. पाचव्या राजवंशातला वजीर प्ताहहोतेप याच्या नावावर एक उपदेश आहे. त्याच्या सुरुवातीलाच तो मुलाला बजावतो की विद्येचा गर्व करू नकोस, अडाण्याशीही बोल, शहाण्याशीही बोल. चांगला बोल हिरव्या रत्नापेक्षाही दडलेला असतो, तरी तो दळणाऱ्या दासींपाशी सापडतो. त्या काळचं दळण आपल्या पाटा-वरवंट्यासारखं, गुडघ्यावर बसून पुढेमागे रेटायचं. माझी आजी जात्यावर बसली की ओवी आपोआप यायची. घरातल्या शिकलेल्यांनी ती कधी उतरवून घेतली नाही. चार हजार वर्षांपूर्वीचा एक वजीर राज्याच्या सर्वोच्च पदावरून सांगतो की शहाणपण तिथे आहे, त्या बाईपाशी. हे वाक्य वाचल्यावर त्याचं नाक रुंद होतं की सरळ, हे विचारावंसं तरी वाटतं का?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे तत्त्वज्ञान नव्हे, नीतिवचनं आहेत, युक्तिवाद कुठाय? युक्तिवाद खून-अनूपच्या जुन्या इजिप्शियन गोष्टीत आहे. हा मिठाच्या दरीतला माणूस गाढवांवर माल लादून नाईलकाठी धान्य आणायला चाललेला. वाट अरुंद, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला जवाचं शेत. वाटेवर एका अधिकाऱ्याच्या माणसानं मुद्दाम कापड पसरून ठेवलेलं. गाढवानं जवाचं एक तोंड मारलं आणि त्या निमित्तानं गाढवं जप्त झाली. बांधावरून भांडण झालेल्या कुठल्याही घराला हे ओळखीचं आहे. खून-अनूप मोठ्या कारभाऱ्यापुढे एकदा नाही, नऊ वेळा उभा राहतो. माआत, म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची नीट घडी हे सगळं एका शब्दात, हा त्याचा विषय. तो विचारतो, चोरी थांबवायला ज्याला नेमलं तोच चोर झाला तर तराजूनं कुणाकडे बघायचं? न्याय ही देणाऱ्याची मेहेरबानी आहे की त्याच्या पदाचा अर्थच तो आहे? मार बसला तरी तो थांबत नाही. राजाला त्याचं बोलणं इतकं आवडतं की ते लिहून घेण्यासाठी निकाल लांबवला जातो, आणि त्याच्या घरी मात्र गुपचूप धान्य पोचतं. ज्याला न्याय हवाय त्याच्या तक्रारीचं साहित्य करून वाचणाऱ्या राज्यकर्त्यांवर गोष्ट रचणाऱ्यानं इथे नेमकं बोट ठेवलंय. प्लेटोच्या संवादांना तत्त्वज्ञान म्हणायचं आणि याला लोककथा, ही वाटणी कुणी केली?

दुसरा आक्षेप आफ्रिकेतूनच येतो, म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बेनिनचे तत्त्वज्ञ पोलँ हूंतोंजी यांनी सामूहिक परंपरेलाच ‘आफ्रिकी तत्त्वज्ञान’ म्हणून पुढे करण्यावर कडक टीका केली. घानाच्या वातावरणात वाढलेले तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिआ यांनी विचारलं की आजच्या आफ्रिकेला प्रतिष्ठेसाठी फारो कशाला हवेत? खरंच आहे. घानातल्या अकान किंवा नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या विचाराला इजिप्तच्या टेकूची गरज नाही. सेनेगलची वोलोफ भाषा आणि प्राचीन इजिप्शियन यांचं जवळचं नातं असल्याचा दियोप यांचा दावा बहुतेक भाषातज्ज्ञ मानत नाहीत. ॲरिस्टॉटलनं अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय लुटून तत्त्वज्ञान चोरलं, हा काहींचा दावा तर सोडूनच द्यावा. तो इसवी सन पूर्व ३२२ला वारला आणि ते ग्रंथालय नंतर उभं राहिलं.

पण सलग धागा नाही म्हणून वारसा नाही, हा नियम लावायचाच तर सगळ्यांना लावा. बर्लिनचा प्राध्यापक पेरिक्लीसच्या अथेन्सला आपलं बालपण म्हणायचा. त्याचे पूर्वज त्या काळात उत्तरेच्या जंगलात होते, आणि ॲरिस्टॉटल पश्चिम युरोपला पुन्हा भेटला तो बऱ्याच अंशी अरबीतून. त्या प्राध्यापकाकडे कुणी कवटीचं माप मागितलं नाही. त्यानं ग्रीक शिकलं, ग्रंथ वाचले, त्यांच्याशी वाद घातला आणि वारस झाला. सेनेगलच्या पोपंगीन गावात घानाचे कादंबरीकार आयी क्वेई आर्मा यांनी मित्रांसोबत एक प्रकाशन संस्था काढली. तिचं नाव ‘पेर आंख’, जीवनाचं घर. फारोंच्या काळी मंदिरातल्या लेखनशाळेला हेच म्हणत. मला या वादातलं सगळ्यात खरं उत्तर तिथे दिसतं.

ज्यांना इजिप्तमधले काळे लोकच हवे आहेत, त्यांच्यासाठी ते आजही आहेत. आस्वानच्या दक्षिणेला नूबियनांची गावं होती. १९६०च्या दशकात आस्वानचं उंच धरण बांधलं गेलं. त्यानं वीज दिली, दुष्काळात देश तगवला, हे नाकारता येणार नाही. अबू सिंबेलची मंदिरं पाण्याखाली जाणार म्हटल्यावर जगभरातून पैसा आला. रामसेसचे पुतळे कापून पासष्ट मीटर वर नेले, पुन्हा जोडले. इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नूबियनांना मात्र कोम ओम्बोच्या बाजूला, नदीपासून दूर बांधलेल्या वसाहतींत नेऊन सोडलं. धरणग्रस्त या शब्दात काय काय मावतं हे कोयनेच्या काठच्या माणसाला सांगायला नको. २०१४च्या राज्यघटनेत, कलम २३६मध्ये, नूबियनांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत आणण्याचं वचन लिहिलं गेलं. ती मुदत २०२४मध्ये उलटली. क्लिओपात्राच्या रंगावर रात्र रात्र भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडून मी या गावांची नावं फारशी ऐकलेली नाहीत.

मेल्यावर हृदय तराजूत टाकलं जाई तेव्हा बेचाळीस न्यायदेवतांपुढे काय म्हणायचं, याची यादी मृतांसोबत दिल्या जाणाऱ्या पपायरसच्या गुंडाळीत असे. मी कुणाला रडवलं नाही. मी तराजूचं वजन वाढवलं नाही. मी लेकरांच्या तोंडचं दूध काढलं नाही. आणि त्याच यादीत पुढे: मी हंगामात पाणी अडवलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही.